मार्तंड सरांच्या फळ्यावरची चूक

चिखलीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मार्तंड सर फिजिक्स शिकवतात, असं म्हणणं म्हणजे आमच्याकडचा मे महिना ऊब देतो म्हणण्यासारखं आहे. अकरावीची पोरं त्यांच्या तासाला जाताना देवाचं नाव घेतात. देव न मानणारी आईचं घेतात. सरांची एक रीत आहे. पोरानं फळ्यावर गणित चुकवलं की सर ते दुरुस्त करत नाहीत आणि पुसूही देत नाहीत. "राहू दे. उद्या येऊन स्वतःच शोध." मग चूक फळ्यावर सुखानं नांदते आणि तिचा धनी घरी तळमळतो.

या जाचातून पार पडलेला दीपक आज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बंद पडलेला पंप आला की आधी नुसता बघत बसतो. गिऱ्हाईक ओरडलं तर सांगतो, "मार्तंड सरांचा माल आहे भाऊ, घाई जमत नाही."

हल्ली मात्र पोरांचं नाव आमच्याकडं आणि देह अकोल्याच्या क्लासला. यंदा वर्गात उरली एकटी छकुली, खेड्यातून जीपनं येणारी. सर तिच्या एकटीसाठीही भरल्या वर्गाचा आवाज लावत. "मागचे, लक्ष आहे का?" असंही विचारत. छकुली मागं वळून बघायची आणि सांगायची, "हाव सर, आहे."

ही एक पोरगी बारावीपर्यंत टिकावी, एवढंच सरांचं मागणं होतं.

एका शनिवारी ती फळ्यावर गणित सोडवत असताना तिचे वडील कडूबा पेढे घेऊन आले आणि सरांच्या पायाच पडले.

"सर, तुमच्यामुळं पोरगी लय तय्यार झाली. अकोल्याच्या क्लासवाल्यानं परीक्षा घेतली, तं पहिल्या तुकडीत घेतलं तिले. सोमवारी सोडून येतो."

पेढा सरांच्या हातातच राहिला. "इथं काय कमी पडलं, कडूबा?"

"तुमचं काहीच कमी नाही. पर एकटीच शिकून राह्यली नं ती. लोकं म्हन्तात, चांगलं असतं तं बाकीचे काऊन गेले असते?"

सर फळ्याकडं वळले. फळ्यावर उतार होता, वर ढकललेला ठोकळा होता आणि घर्षणाचा बाण उलटा होता. छकुलीनं डस्टर उचललं.

"राहू दे," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत क्लासवाल्यांची जाहिरातसभा झाली. शिपाई शेषरावनं फळा लखलखीत पुसला.

दिवाळीआधी छकुलीचा फोन आला. "सर, इथं चुकायले टाइमच नाही भेटत. पेन उचलला की पडद्यावर उत्तर येते. ती माही चूक वजन काढतानाची होती नं?"

"नाही. पुसू नको, उद्या येऊन शोध," सर सवयीनं बोलून गेले.

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "हाव सर."

दुसऱ्या दिवशी तासाची घंटा झाल्यावर सरांनी उतार काढला, ठोकळा काढला आणि बाण जपून उलटा काढला. मग पहिल्या बाकावर जाऊन बसले.

शेषराव दारात थबकला. "कोनी येनार हाय का सर?"

"नाही," सर म्हणाले. "पण पुसू नको."