डावी पाकळी

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. रुसवा होता, एवढंच. ज्या जोतिबाच्या डोंगरावर आम्ही नवराबायको उभा जन्म पायी गेलो, त्यानं ऐन वेळी माझ्याकडं पाठ फिरवली असं मनात बसलं होतं. हे गेले आणि मी रविवारचा उपवास सोडला. देव्हाऱ्यात दिवा लावत होते, पण तो लावायचा म्हणून. हात जोडले जायचे आणि मन मात्र गॅसवरच्या दुधाकडं असायचं. भजनाला जाणं बंद केलं. बायका बोलवायला आल्या तर गुडघ्याचं निमित्त पुढं करायचे. गुडघे दुखत होतेच म्हणा, पण तेवढे नाही.

हे साखर कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर कसबा बावड्यातच उसाच्या रानाला लागून नवी बिल्डिंग झाली, तिथं आम्ही फ्लॅट घेतला. मुलगा पुण्याला, त्याचा संसार तिकडं. हे होते तोवर दोन खोल्या पुरत नव्हत्या, आणि गेल्यावर त्याच खोल्या अंगावर यायला लागल्या. एकटेपणाबद्दल लोक बरंच काही सांगतात. मला तो भेटला मंडईच्या पिशवीत. मी कुठं बाहेर गेले आणि यायला वेळ झाला, की हे दारातच विचारायचे, "एवढा उशीर?" मला त्या प्रश्नाचा जन्मभर राग आला. अहो, मी काय सिनेमाला गेलते? भाजीच आणायला गेलते की. आता मी दुपारी जाऊन दिवेलागणीला आले तरी विचारणारं कुणी नव्हतं. कुलूप काढायचं, पिशवी ओट्यावर ठेवायची, आणि भेंडी कशी किलो मिळाली हे सांगायला तोंड उघडायचं ते तसंच मिटायचं.

जोतिबाला जाताना हे कायम पुढं असायचे. लांब ढांगा टाकत जायचे आणि वळणावर एखाद्या दगडावर बसून माझी वाट बघायचे. मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, "चल की गं. देव काय तुझ्यासाठी दार उघडं ठेवून बसलाय व्हय?" मी त्यांना दोन शब्द सुनवायचे, पाणी प्यायचे, आणि परत हे पुढं नि मी मागं.

कारखान्याच्या लोकांबरोबर आम्ही एकदा मालवणच्या बाजूला सहलीला गेलो होतो. तिथल्या एका गावाच्या किनाऱ्यावरून समुद्रात एक बेट दिसत होतं. बेटावर टेकडी, दाट झाडी आणि अगदी माथ्यावर भगवं निशाण. वर देवी आहे, पायऱ्या नाहीत, पायवाटेनं तासभर चढावं लागतं, असं कुणीतरी सांगितलं. बाकीचे पाण्यात खेळत होते आणि हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या निशाणाकडंच बघत उभे. मला म्हणाले, "एकदा येऊ. दोघंच. चढून जाऊ वर." कधी, म्हटलं. "पुढच्या वर्षी." आमच्या घरात पुढचं वर्ष असंच कायम पुढं राहिलं, आणि एक दिवस हेच पुढं निघून गेले.

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर मी माळा आवरायला काढला, तर ह्यांची पाठीवरची सॅक आणि डोंगर चढायची काठी हाताला लागली. मी ती काठी घेऊन तिथंच खाली बसले. उठले ती ठरवूनच उठले. त्या बेटावर जायचं. आणि देवाला बजावून सांगितलं: हे बघ, तू मला वरपर्यंत नेलंस तर आपलं पूर्वीसारखं. नाही नेलंस तर मी देव्हाराच मुलाकडं पाठवून देणार, मग तू आणि तो बघून घ्या. अशी धमकी देवाला द्यावी का? देऊ नये. पण मी दिली. कारण भांडायलासुद्धा आता मला दुसरं कोण उरलं होतं?

मग माझी तयारी सुरू झाली. भजनातल्या बायकांना विचारून बघितलं. एकीची सून बाळंत व्हायची होती, एकीला बोट लागते, आणि एक तर म्हणाली, "आपल्या वयाला हे शोभतं व्हय?" मुलाला फोनवर सांगितलं तर तो काळजीनं म्हणाला, आई, एकटी कशाला दगदग करतेस, पुढच्या वर्षी गाडीनं जाऊ. बाप तसा बेटा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सॅकमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या, नारळ, ओटीचं सामान, भडंग, आणि गुडघ्याला बांधायची पट्टी भरली. चढायची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी सॅक पाठीला लावून, काठी टेकत, बिल्डिंगीचे जिने खालीवर करायला लागले. दिवस धरला मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा. आम्ही देवाधर्माचं काही काढलं की पुनव बघतो. त्यात विचारायचं काय? मालवणपर्यंत एस.टी., रात्रीला एखादं लॉज, सकाळी होडी. स्टँडबाहेर रिक्षा मिळते तशी किनाऱ्यावर होडी मिळत असेल, असं मी धरूनच चालले होते.

इथं माझ्या शेजारणीबद्दल सांगायला हवं. समोरच्या फ्लॅटमध्ये मालवणकडची एक बाई राहायला आली होती, वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी. मुलाची इकडं बदली झाली म्हणून त्यानं आईलाही आणलेलं. मुलगा सकाळी जायचा तो रात्री यायचा. माझं आणि तिचं काही भांडण नव्हतं, पण ती रविवारी सुके बांगडे भाजायची आणि तो वास थेट माझ्या देव्हाऱ्यात. मटण आमच्याकडंही शिजतं, पण जोतिबाच्या वारी नाही बाई. मी उपवास सोडला होता तरी राग मात्र सोडला नव्हता. त्यात मी जिने चढायला लागल्यावर ही रोज दार किलकिलं करून बघायची. हसत असेल, म्हातारीला चळ लागलाय म्हणत असेल, असं वाटून मी तिच्याकडं बघायचंच टाळायचे.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि मला धीर होईना. एकटीनं कधी पन्हाळ्यालासुद्धा गेले नव्हते मी. आमच्या सासूबाई असं काही अडलं की देवाला कौल लावायच्या. जोतिबाचा चांदीचा टाक हुपरीहून त्यांनीच करून आणलेला. तो उभा करायचा, फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या, आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. संध्याकाळी दिवा लावून मी शेवंतीच्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, जाऊ का? बसते न बसते तोच डावी पडली. पंखा बंद, खिडकी बंद. मी ती उचलून परत लावली. परत डावीच पडली.

मला इतकं रडू आलं म्हणून सांगू. नवरा नेलास, आता त्याची एवढीशी इच्छाही पुरी करू देत नाहीस? माझं कुणीच नाही, तू पण नाहीस, असं मोठ्यानं बोलले. टाक उचलून उपरण्यात गुंडाळला. देव्हारा मुलाकडं पाठवायचा म्हणजे पाठवायचाच, असं म्हणून कपाटातली पिशवी काढली, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात शेजारीण. हातात रिकामी वाटी. विरजण नासलं म्हणून ताक मागायला आलेली. माझा अवतार बघून ती घुटमळली. मी तोंड पुसत ताक आणायला आत गेले, आणि परत येते तो ती बाहेरच्या खोलीतल्या सॅकपाशी उभी. सॅकच्या तोंडातून नारळाची शेंडी वर आलेली, बाजूला काठी. तिनं विचारलं, "वैनी, खंय निघालात?" दुसऱ्या कुठल्या दिवशी मी कशाला सांगितलं असतं? पण त्या क्षणी मला कुणालातरी सांगायचंच होतं. बेट, निशाण, ह्यांचं पुढचं वर्ष, पुनव, कौल, सगळं सांगून टाकलं. ती ऐकता ऐकता खालीच बसली. ते बेट तिच्या माहेरच्या गावासमोरचं निघालं. वरची देवी तिच्या माहेरची.

"पुनवेक थंय होडी लागाची नाय," ती म्हणाली. "उधाण असता. अष्टमेक भांग असता, तेवा दर्या गप असता. अष्टमेक चला. मी येतंय तुमच्या वांगडा."

मग तिनं समजावून सांगितलं. त्या बेटाला धक्का नाही, खडकावरच उतरायचं. पौर्णिमा-अमावस्येला भरतीचं पाणी इतकं चढतं की उतरायचा खडकच बुडतो, आणि ओहोटीला इतकं मागं जातं की होडी लांबच अडकते. अष्टमीच्या सुमाराला पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्याला ते लोक भांग म्हणतात. डोंगराकडच्या माणसाला हे काय ठाऊक? आम्हाला पाणी म्हणजे पंचगंगा नि रंकाळा. ताकाची वाटी अजून माझ्याच हातात होती, ती आता कुठं तिला दिली. ती गेल्यावर उपरणं सोडलं, टाक जागेवर ठेवला. त्याच्याशी बोलायला तोंड कुठं होतं मला?

त्या पौर्णिमेला समुद्रात काही अघटित घडलं असं नाही. मी नंतर विचारलं. होड्या किनाऱ्याला बांधून होत्या, बस. मी गेले असते तर किनाऱ्यावरून बेट बघून परत आले असते. पण मी स्वतःला ओळखते. तशी परत आले असते तर पुन्हा कधी निघाले नसते.

अष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी निघालो. फोंडा घाट उतरल्यावर तिनं खिडकी उघडली, वारा अंगावर घेतला आणि माहेरची बडबड सुरू केली ती गाव येईपर्यंत. जिन्यावर ती रोज दार का उघडायची तेही तेव्हाच कळलं. मी धापा टाकायचे ते तिला आत ऐकू यायचं. पडले-बिडले तर कोण आहे, म्हणून ती बघायची. वाटेत कधीतरी मी तिला आक्का म्हणायला लागले. तिच्या भावाकडं मुक्काम केला आणि सकाळी त्याच्याच होडीतून बेटावर गेलो. पाणी खरंच शांत होतं. मी खडकावर पाय ठेवला तेव्हा साडीचा काठसुद्धा भिजला नाही.

आक्काचे गुडघे माझ्याहून वाईट. ती म्हणाली, मी खाली बसते, तुम्ही वर जाऊन या, माझीही ओटी तुम्हीच भरा. मी एकटी चढले. करवंदीच्या जाळ्यांतून वाट होती, माती घसरती. वळणावळणावर एखादा दगड दिसला की वाटायचं, आता हे इथं बसलेले असतील. कुणी बसलेलं नव्हतं. वर पोचले. झाडाखाली शेंदूर लावलेला एक पाषाण आणि बाजूला ते निशाण, ऊन खाऊन फिकं पडलेलं. दोन्ही ओट्या भरल्या, नारळ फोडला, ह्यांच्या नावानं एक तुकडा बाजूला ठेवला. खरं सांगते, काहीच झालं नाही. मला वाटलं होतं रडू येईल, हे जवळ आल्यासारखं वाटेल, काहीतरी उमगेल. वारा होता, आणि मी होते. काठी देवीपाशी ठेवायची म्हणून नेली होती. ठेवली, नमस्कार केला, आणि उतार बघून परत उचलली. हे असते तर म्हणाले असते, देवाला दिलेलं परत घेतेस व्हय?

उतरायला वळले तेव्हा झाडीच्या फटीतून खालचा खडक दिसला. खडकावर आक्काची लाल साडी. एवढ्या वरून ती हळदीकुंकवाच्या बोटाएवढी दिसत होती. ती वरच बघत असणार, कारण मी दिसताच ती उठून उभी राहिली आणि पदर हलवायला लागली. मी पण काठी वर करून हलवली. मी तिथंच मातीत बसले आणि ह्यांच्यामागं पहिल्यांदा पोटभर रडले. चढताना मी वळणावळणावर ज्याला शोधत होते, ते माणूस खाली होतं. कुणीतरी माझी वाट बघत होतं.

खाली पोचायला मला फार वेळ लागला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी. थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा पुढं करत रागानं म्हणाली, "एवढो उशीर? चाय निवली ना!"

मी तो गार चहा प्याले. तसा चहा मी आयुष्यात प्यालेली नाही.

रविवारचा उपवास आता परत धरला आहे. समोरच्या घरातून बांगड्याचा वास येतो. जोतिबाला चालतो की नाही ते त्याचं तो बघेल, मला चालतो. मागं वळून बघते तेव्हा एवढंच वाटतं, की मी देवाला एकच प्रश्न विचारत होते आणि त्याच्या तोंडून मला हवं तेच ऐकायला कान लावून बसले होते. त्यानं नाही म्हटलं, ते मी दार लावून घेतल्यासारखं ऐकलं. तो बिचारा "आज नको, आणि एकटी नको" म्हणत होता. कौल मी आता लावत नाही. जायचं तिथं त्याला सांगून निघते, नेशील तसं ने म्हणते. मंडईतून यायला उशीर झाला की माझं कुलूप निघायच्या आधी समोरचं दार किलकिलं होतं, आणि मी भेंडीचा भाव सांगायला आत जाते.