भावजींची सतरंजी

हरण्याची एवढी हौस असलेला माणूस उभ्या पलूस तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझे धाकटे दीर. गाव उसाचं; कारखाना ज्याच्या हातात, मतं त्याची. हे मात्र मिसरूड फुटल्यापासून धर्म, देश आणि शिस्त म्हणणाऱ्या पक्षात. उमेदवार पडला की हे पेढे वाटायचे. ‘‘आवं, पडला न्हवं का?’’ म्हटलं की म्हणायचे, ‘‘वैनी, अनामत तर वाचली!’’ अनामत गेली त्या वर्षीही वाटले. आधीच आणून ठेवले होते.

पक्षाची बैठक यांच्या सोप्यात व्हायची, निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीवर. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे ती अंथरणार तेव्हा बैठक सुरू, झटकणार तेव्हा संपली. मिरजेचा एक वक्ता फारच लांबला, तर हे त्याच्या पायाखालूनच गुंडाळायला लागले. नियम एकच, सतरंजीवर शिवी द्यायची नाही, विरोधकालासुद्धा. चहा मी करायची. बस म्हणून मला कधी कुणी सांगितलं नाही.

मग पक्ष जिंकायला लागला आणि भावजींचे हाल सुरू झाले. यंदाचा उमेदवार कालपर्यंत यांनाच हसणारा. भाषणात शिव्या देतो, या गल्लीला त्या गल्लीवर घालतो, आणि वर टाळ्या घेतो. जुन्या माणसांत दोन तट पडले. एक म्हणतात, याच्याशिवाय सत्ता नाही. दुसरे म्हणतात, याच्यासकट आपलं उरणार काय? भावजी दोघांचं ऐकायचे आणि ताटावरून उठायचे. एक दिवस उमेदवाराची माणसं आली. ‘‘आबा, सायेब तुमच्या सोप्यात येत्यात. सतरंजी हातरा, फोटू काढायचाय.’’

‘‘धुवायला टाकलीया,’’ भावजी म्हणाले. सतरंजी त्यांच्याच बुडाखाली होती.

मतदानाच्या आदल्या दुपारी त्यांनी ती अंथरली. जुन्यांना निरोप धाडले होते. कुणी आलं नाही. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ‘‘बसा, वैनी.’’

‘‘माझं मत मागताय व्हय?’’

‘‘न्हाई. माझं कुणाला देऊ, त्ये इचारतोय. ह्याला दिलं तर कुणाला तोंड दावू? न्हाई दिलं तर जलमभर केलं त्ये पाण्यात.’’

मी चौथी शिकलेली. म्हटलं, ‘‘ज्याला हितं बसवून घेत न्हाई, त्याला तितं कशाला बसवताय?’’

ते कितीतरी वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. ‘‘हरत हुतो तवा बरं हुतं, वैनी. एका सतरंजीवर मावत हुतो.’’

सकाळी नेहमीसारखी अंघोळ करून, इस्त्रीची टोपी घालून मत देऊन आले. कुणाला, ते मी विचारलं नाही. उमेदवार निवडून आला. गावभर गुलाल उडाला; आमच्या घरी पेढे आले नाहीत. संध्याकाळी भावजींनी सतरंजी माझ्या हातात दिली. ‘‘वाकळंला अस्तर हुईल.’’

देताना त्यांनी ती झटकली नव्हती. मीही झटकलेली नाही. अजून तशीच पडून आहे. कात्रीला धार लावायची राहिलीय, दुसरं काही नाही.