सांजेचे बोलावणे

दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. जालन्यात स्टेशनापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत कचरू नावाचा गृहस्थ चर्चची राखण करीत असे. रविवारी ऊन कलले की तो आधी घरोघर फिरे आणि मगच घंटेचा दोर ओढी. मराठी घरांत तो सायंउपासनेला बोलावी. हैदराबादहून आलेल्या कंपाउंडरच्या दारी तो ‘शाम की इबादत’ म्हणे, तर रेल्वेतल्या तेलुगू कुटुंबांना ‘सायंकाल आराधना’. त्याची बायको साळूबाई हसून म्हणे, “भाकर एकच, अन् ताटं तीन!”

त्या पावसाळ्यात साळूबाई वारली.

वस्तीची रीत अशी होती, की दुखवट्यातल्या माणसाने आपणहून उपासनेला जाऊ नये. कोणीतरी दारी येऊन त्याला न्यावे. ही रीत सर्वांना ठाऊक होती. परंतु जो सर्वांना बोलावतो त्यालाही बोलावणे लागते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. रविवार आला, तरी कचरू ओट्यावर बसून राहिला. चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वतः घंटा वाजविली, तरी बाके रिकामीच. कचरू आला नाही म्हणजे अजून वेळ आहे, असे समजून लोक धुतलेले कपडे घालून घरीच थांबले होते.

पुढच्या रविवारीही तेच झाले. घंटा ऐकून कचरू उठला आणि पुन्हा ओट्यावर बसला. साळूबाईमागे आपण कोणाचेच उरलो नाही, असे त्याला वाटू लागले.

तेवढ्यात रत्नम्मा दारी आली. ही रेल्वेतल्या पॉइंट्समनची विधवा. तिच्या दुखवट्यात कचरूच तिला न्यायला गेला होता.

“भैया, सायंउपासनेला चला,” ती म्हणाली.

“तुमच्यात तर आराधना म्हणतेत.”

“तुमच्या दारात तुमचाच शब्द पाहिजे ना. बराबर बोलले का?”

“बिलकुल बराबर,” कचरू म्हणाला. त्याने तोंड धुतले, टोपी घातली आणि तो तिच्यामागे निघाला.

कंपाउंडरच्या दारापाशी सवयीने त्याचे पाय थांबले. त्याने टोपी सारखी केली आणि रत्नम्माकडे पाहिले. तेव्हा रत्नम्मानेच हाक दिली.

कंपाउंडर लगेच बाहेर आला. त्याने कचरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, “कचरूमियाँ, दो इतवार से जूते पहनके बैठा हूँ.”