मानाच्या यादीतला हुद्दा

शिमग्यात पालखी उठण्याआधी आमच्या गावात देवळाच्या पायरीवर मानाचे नारळ फुटतात. कोणी कितवा फोडायचा, ते एका जुन्या मोडी कागदावर लिहिलेलं आहे. पहिला सरनौबतांचा, मग हवालदारांचा, जुमलेदारांचा, नाइकांचा आणि शेवटी खाडीपलीकडच्या सारंगांचा. या घरांचे पूर्वज समुद्रातल्या किल्ल्यावर त्या त्या हुद्द्यावर होते म्हणतात. सरनौबत शिबंदीचा मुख्य, हवालदाराकडे किल्ल्याच्या चाव्या, नाइकाच्या हाताखाली नऊ-दहा माणसं, सारंगाकडे गलबत. माझ्या आठवणीतले सरनौबत ओटीवर सुपारी कातरत बसत आणि हवालदार मुंबईला गिरणीत होते. पण शिमग्याला ते रजा काढून येत. त्या एका सकाळी हाक माणसाला नव्हे, हुद्द्याला पडत असे.

मोडी वाचणारा गावात मी एकटा. शाळेत मास्तर झालो तेव्हापासून यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घराला मान नव्हता. आम्ही पालखीला खांदा द्यायचा, तोही चढणीवर.

धाकटा भाऊ लष्करात होता. लान्स नाईक झाल्याचं त्याने कळवलं, तेव्हा हे काय असतं म्हणून आईने विचारलं. नाइकाच्या जरा खाली, असं मी सांगितलं.

"म्हंजे यादीत बसंल," ती म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तो उत्तरेच्या सीमेवर गेला. तार आली, मागून त्याची ट्रंक आली. देह आला नाही.

फाल्गुन लागला तसं आईने माझ्याकडे एकच मागितलं. नाइकांच्या नारळानंतर त्याचा हुद्दा एकदा मोठ्याने वाचायचा. नारळ ती आणील. आम्हाला त्या वर्षी सण नव्हता, आणि तिला सण नकोच होता. मी हो म्हटलं.

मग आदल्या दिवशी मी सरनौबतांच्या ओटीवर परवानगी मागायला गेलो. शिकलेल्या माणसाची खोड. यादी सगळ्यांना ऐकून पाठ होती, तरी कागदाशी वाद घालायची छाती कोणाची नव्हती. न विचारता वाचलं असतं तर खपलं असतं.

त्यांनी पान लावून दिलं, भावाबद्दल हळहळले. मग शेजारी बसलेल्या हवालदारांकडे वळले. "लान्स? ह्यो कंच्या गडाव व्हता रं?"

हवालदार हसले. मीही थोडा हसलो असेन.

"पोराचं वाईट झालं, मास्तर," सरनौबत म्हणाले. "पन कागदात हाय तेवढंच वाच. आज तुझा भाव, उद्या पोलिसातला कोन तरी येल."

त्या कागदाची एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सरनौबतांची ओळ बाकीच्या ओळींच्या हातची नाही. शाई वेगळी, अक्षर घाईचं, आणि वर जागा उरली नव्हती म्हणून समासात तिरकी बसवलेली. कधीतरी माझ्यासारख्याच कोणी ती घातली, शिमग्याला वाचली, आणि मान झाला. पान चघळताना हे माझ्या अगदी ओठांवर होतं. मी पिंक टाकायला उठलो आणि तसाच घरी आलो. आईला काही बोललो नाही.

सकाळी ती सोललेला नारळ पदराखाली धरून बायकांच्या मागे उभी होती. मी वाचत गेलो. नाइकांचा नारळ फुटला. मी थांबलो, सरनौबतांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री होती. मी सारंगांना हाक दिली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "कागदात नव्हतं, आये."

"कागद तुज्या हातात व्हता," ती म्हणाली, आणि भात वाढायला उठली.

पुढे ती चार वर्षं जगली. भावाच्या पलटणीकडून अधूनमधून लखोटे येत, वर त्याचा हुद्दा आणि नाव टंकलेलं. ते तिने मला कधी वाचायला दिले नाहीत. पोस्टमनला ओटीवर बसवायची, पाणी द्यायची आणि सांगायची, "आतलं ऱ्हाऊ दे. वरचं तेवढं वाच, मोठ्यानं."

मी आत वह्या तपासत असायचो.