इंजिनातली आग बघणारी

आमच्या पाचूबंदरच्या धक्क्यावर ती एकदाच आली. नाव मी विचारलं नाही. मासेमारी सुरू झाली तरी आमची बोट बांधलेलीच होती. इंजिन काळा धूर ओकत होतं. धक्क्यावरचे सगळे पुरुष माझ्या मुलाला सांगत होते, "इंजिन गेला, भंगारात काढ."

ती मासळी घ्यायला आलेली. बोलता बोलता कळलं, कॉलेजात इंजिनांवर काम करते. मी तिला हटकलं, "बाय, खरंच गेला काय गो इंजिन?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू, आजी?"

"आतली आग कोनाला दिसते?"

"आम्ही इंजिनाला काचेची खिडकी लावतो आणि कॅमेऱ्याने बघतो. आधी मीही अंदाजाने सांगायचे. काच लावल्यावर निम्मे अंदाज खोटे निघाले."

डिझेल फवारणारं नोझल तिने धक्क्यावरच्या मेकॅनिककडून काढवून हातपंपाला लावून घेतलं. फवारा अंगावर येऊ नये म्हणून मला दंडाला धरून मागे ओढलं आणि तो उजेडात नीट दिसावा म्हणून स्वतः उन्हाकडे तोंड करून, एक डोळा मिटून बसली. एका भोकातून फवारा धुक्यासारखा निघाला, दुसऱ्यातून नुसते थेंब गळले.

"या दुसऱ्या भोकातलं डिझेल हवेत मिसळतच नाही, म्हणून धूर. नोझल बदला, इंजिन राहू द्या."

नवं नोझल बसलं, धूर गेला, बोट समुद्रात गेली. पुरुष म्हणाले, आम्हाला वाटलंच होतं.

हल्ली सून विचारते, बोंबील सुकले काय? मी ओट्यावरून उत्तर देत नाही. उठते, बोंबील वाळत टांगलेल्या बांबूपाशी जाते आणि एक बोंबील मोडून बघते.