हंसाबाईनं वाढू देलेलं गवत

माही सासू, हंसाबाई, चार महिने शेजारच्या आंगणातलं गवत मुद्दाम वाढू देऊन राह्यली होती, हे मले आधी समजलं असतं तर मी तिले नगरपंचायतीच्या दारातून ओढून घरी आणली असती. पण मी, शीला, या घरची एकुलती एक सून, मलेच साऱ्यात शेवटी समजते. मीठ संपलं, गॅस संपला, तेवढं मात्र पहिले मले सांगतात.

मी तिले याडी म्हणतो. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांडा सोडून तिले मारेगावात येऊन चाळीस वर्षं झाली असतीन. माहे सासरे, रामधन, जिनिंगमध्ये हमाली कराचे, म्हणून त्याईनं इथी जागा घेतली. लागूनच कौसल्याबाईचं घर. त्या बौद्ध, आम्ही बंजारा, मधात कमरेएवढी भिंत. दोघी एकाच जिनिंगमध्ये कापूस निवडाच्या. त्या मशिनीच्या आवाजात कौसल्याबाईचे कान गेले. आधी एक, मंग दुसरा. याडीचे वाचले, पण वरडून बोलाची सवय लागली ते लागलीच. मी लग्न होऊन आली तव्हा पहिल्याच सकाळी पाच वाजता मले वाटलं बाहेर भांडण जुंपलं. धावत आंगणात गेली, तर दोघी भिंतीवर चहाचे कप ठेवून एकमेकींच्या कानात वरडून राह्यल्या होत्या. विषय काय, तर काल रातची भाजी खारट झाली.

समोरच्या घरी भगवानराव गुरुजी राह्यतात. रिटायर मास्तर. रिटायर झाल्यापासून त्याईचं एकच काम, अर्ज करणं. नाली तुंबली, अर्ज. कोणी बकरी रस्त्यावर बांधली, अर्ज. वरातीचा डीजे दहाच्या वर गेला, अर्ज. एकदा त्याईनं या दोघींच्या नावानं बी करून टाकला. 'पहाटे पाच ते सहा या वेळेत दोन महिलांच्या संभाषणामुळे परिसरातील शांततेचा भंग होत आहे.' नगरपंचायतीचा शिपाई उकंडा तो कागद घेऊन आला अन् वाचता वाचता सोताच हासत सुटला. "काय म्हणते वो हा?" कौसल्याबाईनं विचारलं. याडीनं तिच्या कानात वरडून सारा अर्ज सांगतला. समोर गुरुजीच्या खिडकीचं दार धाडकन बंद झालं.

चार वर्षांआधी कौसल्याबाईचा पोरगा राजदीप पुण्याले कंपनीत पक्का झाला. बाप आधीच गेला होता, आई एकटी, कानानं बहिरी. तो तिले घेऊन गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. जातानी कौसल्याबाईनं घराची चाबी याडीच्या हातात देली. "आंगण पाहजो वो हंसा," म्हणे, "मी दिवाळीले येतोच."

पहिल्या दिवाळीले आली. दुसऱ्या दिवाळीले सुनेची, मैत्रेयीची, डिलिव्हरी होती. तिसऱ्या दिवाळीले नातू लहान होता. चौथ्या दिवाळीले कौसल्याबाईचा गुडघा धरला. दरवर्षी कारण खरंच राहे, म्हणून रागावाचीही सोय नोहती.

याडी मात्र रोज सकाळी आमचं आंगण झाडून झालं का भिंतीपलीकडं जाये. तिकडचं झाडे, पाणी शिंपडे, कौसल्याबाईनं लावलेल्या सीताफळाले आळं करे. पावसाळ्यात बसून बसून हातानं गाजरगवत उपटे, मंग रातभर हात खाजवत राहे. मी म्हणो, "याडी, तुमची कंबर दुखते, तथी राह्यते कोण?"

"येईन ना कौसल्या," याडी म्हणे. बस, एवढंच.

फोनचा काही उपयोग नोहता. राजदीप सणासुदीले माह्या नवऱ्याच्या, भारतच्या, फोनवर व्हिडिओ लावून दे. तिकडून कौसल्याबाई वरडे, "जेवली काय वो?" इकडून याडी वरडे, "जेवली! तू कशी आहे?" तिकडून परत, "जेवली काय?" कानातलं मशीन तिनं डब्बीत ठेवून देलं होतं, शिट्या मारते म्हणे. दोन मिनिटं दोघी एकमेकीचं तोंड पाहत अन् डोळे पुसत. मी एकदा म्हटलं, "याडी, तुमी सांगा, मी चिठ्ठी लिहितो." तर माह्याकडं अशी पाह्यली का विचारू नका. "मनातलं काय सुनेजवळ सांगून लिहून घेऊ?" म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका बंद घराले नोटीस लागली. झुडपं वाढलेली, डुकरं घुसाची. घराचा मालक नागपूरचा. कागद गेला अन् पाचव्या दिवशी नवराबायको हजर. आठ दिवस राह्यले, घर धुतलं, शेजाऱ्याईकडं जेवले. उकंडा आमच्या ओट्यावर पाणी प्याले बसला तव्हा याडीनं विचारलं, "काहून रे, नोटीस गेली का मालकाले यावंच लागते?"

"नाही तं काय मावशी! सात दिवसात साफ करा लागते. नाही केलं तं आपुन साफ करतो अन् खर्चा टॅक्समध्ये लावतो. कागद भेटला का मालक धावतच येते."

मी तथीच चहा गाळून राह्यली होती. कानानं सारं ऐकलं, डोळ्यानं पाह्यलं, अन् माह्या डोक्शात काहीच शिरलं नाही. असा माहा उजेड.

पावसाळा लागला अन् याडीनं भिंतीपलीकडं जाणं सोडलं. "कंबर धरली," म्हणे. मले तं बरंच वाटलं, म्हटलं आली अक्कल. जून गेला, जुलै गेला. गवत कमरेवर आलं, मंग भिंतीवर आलं. सीताफळाची खालची फांदी दिसेनाशी झाली. याडी रोज सकाळी भिंतीजवळ चहा घेऊन उभी राहे अन् ते गवत पाहे. जिच्या आंगणात पान पडलं तं जेवण गोड लागत नाही, ते बाई गाजरगवताची फुलं पाहत चहा पिऊन राह्यली होती. एकदा तिनं हात लांबवून एक झाड धरलं. उपटणार, तेवढ्यात सोडून देलं. मी खिडकीतून पाह्यलं. मले वाटलं, बिचारीच्या अंगात आता जोरच नाही राह्यला.

सप्टेंबरात तिकडून एक धामण निंघाली अन् आमच्या न्हाणीत येऊन बसली. डासाईनं तं फोडून काढलं. साऱ्या गल्लीले वाटलं आता गुरुजी अर्ज करतीन. गुरुजी करतच नोहते! मी सरळ विचारलं, "काहून गुरुजी, पेनातली शाई संपली काय?"

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "ते अंगण हंसाबाई पाहतात. त्यांनी सांगितल्याशिवाय अर्ज कसा करू? आणि खरं सांगू का शीला, ती सकाळची कटकट बंद झाली तेव्हापासून मला पाचला जागच येत नाही."

म्हणजे झाली ना पंचाईत! चार महिने गवत वाढवलं अन् गावातल्या एकुलत्या एक अर्ज करणाऱ्या माणसानं अर्जच नाही केला. शेवटी याडी सोता गुरुजीच्या दारात गेली अन् म्हणे, "लिहून द्या. बाजूच्या घराचा तरास आहे. साप निंघते, डास होतात." गुरुजीनं एक शब्द विचारला नाही, लिहून देलं. याडीनं आंगठा लावला अन् सोता नगरपंचायतीत नेऊन देला. हे मले गुरुजीनं मंग सांगतलं. तव्हा तं मी घरात शेंगा फोडून राह्यली होती.

कागद गेल्याचं उकंडानं सांगतलं त्या दिवसापासून घरात काही वेगळंच सुरू झालं. याडीनं मोठी वाकळ धुतली. खाटेची दोरी कसली. मले म्हणे, बजारातून आंबाडीची भाजी आणजो. आमच्या घरी आंबाडी कोणी खात नाही, आंबाडी कौसल्याबाईले आवडते. मी म्हटलं, "याडी, कोणी येऊन राह्यलं काय?"

"कोणी नाही."

पाचव्या दिवशी मी तिले धरलंच. वाकळ उन्हात टाकून हातानं सारखी करत बसली होती. मी समोर बसली अन् म्हटलं, खरं सांगा. तव्हा तिनं सारं सांगतलं. खाली पाहून, हळू आवाजात. तिचा एवढा हळू आवाज मी बारा वर्षांत ऐकला नोहता.

मी डोक्शाले हात लावला. "अवो याडी! सोताच्या जीवाभावाच्या बाईच्या घरावर अर्ज? लोकं काय म्हणतीन? कौसल्याबाई काय म्हणन?"

"काही म्हणो," याडी म्हणे. "येऊन म्हणो."

मले राग आला होता, पण त्याच्यावर लाज आली. बारा वर्षं एका चुलीवर जेवलो आम्ही, अन् या बाईले कोणाची एवढी आठवण येते हे मले दिसलं नाही. मी उठली अन् आंबाडी निवडाले बसली.

सहाव्या दिवशी सकाळीच गाडी आली. पांढरी, पुण्याच्या नंबरची. याडी पदर सारखा करत धावली. गाडीतून राजदीप उतरला. याडीनं वाकून मागच्या सीटवर पाह्यलं. मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग होती.

पोरगा गुणाचा आहे, खोटं कायले बोलू. उतरताच याडीच्या पाया पडला. "मावशी, सॉरी. आमच्यामुळे तुम्हाला एवढा त्रास झाला." फोनवरून त्यानं सारं आधीच ठरवून ठेवलं होतं. तासाभरात जेसीबी आला. गवत गेलं, झुडपं गेली, सीताफळ गेलं. याडी "अरे, अरे" म्हणत भिंतीवरून वाकली, पण मशिनीच्या आवाजात कोणाले ऐकू येते? सीताफळाची मुळं फरशी उचलतात म्हणे. मंग मुरूम टाकला, अन् दुसऱ्या दिवशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसले. बोटभर माती नाही ठेवली. उकंडानं येऊन फोटो काढला, तक्रार बंद झाल्याचा कागद देला अन् गेला.

"झालं मावशी," राजदीप खुशीत म्हणाला, "आता वीस वर्षं गवताचं नाव नको. तुम्हाला त्रास नाही, अन् आम्हालाही यायची गरज नाही."

याडीनं कालपासून मनात धरलेलं आता विचारलं, "तुही माय काहून नाही आली?"

"आईला सांगितलंच नाही ना. बाबा गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, नोटीस माझ्याच मोबाइलवर आली. आईला कळलं असतं तर ती थांबली असती का? माझ्याआधी गाडीत येऊन बसली असती. एवढा प्रवास, तिचा गुडघा तसा..."

याडी ओट्यावर खाली बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं काढाले नाही लावला.

राजदीपले वाटलं, आईले दाखवून खुश करू. त्यानं व्हिडिओ लावला अन् फोन आंगणभर फिरवला. कौसल्याबाईचं तोंड पहिले काही समजलं नाही असं झालं. मंग एकदम वरडली, "माहं सीताफळ कुठी आहे?" राजदीपनं फोन आमच्याकडं वळवला. याडी दिसली तशी तिचा चेहराच बदलला. "हंसा! तू होती ना वो तथी? तुह्या भरवशावर सोडून आली होती मी!"

याडी उठून उभी राह्यली. फोन दोन्ही हातात धरला अन् वरडली. चार वर्षांत कोंडलेला आवाज होता तो. "मीच वाढू देलं गवत! मीच अर्ज केला! तू येशील म्हणून केला वो!"

समोर गुरुजी दारात आले. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. साऱ्या गल्लीले ऐकू गेलं.

तिकडं कौसल्याबाई डोळे पुसत म्हणे, "काय म्हणते वो? मले नाही ऐकू येत."

राजदीपचं तोंड उतरलं होतं. त्याले आता सारं समजलं. "मावशी, मी घरी गेलो की आईला नीट सांगतो," म्हणाला.

"तू नको सांगू बापा," याडी म्हणे. "केलं मी, सांगन बी मीच. तिच्या कानात सांगा लागते ते." अन् घरात जाऊन तिनं दोन लुगडी पिशवीत टाकली.

माह्या सासूनं यवतमाळच्या पलीकडं पाय टाकला नोहता. भारतले वावरात फोन लावला, तो म्हणे याडी पागल झाली काय, थांबव तिले. मी म्हटलं, मी नाही थांबवत. आंबाडीची भाजी डब्ब्यात भरली, चार भाकरी बांधल्या. राजदीपनं समोरचं दार उघडलं अन् याडी त्याच्या बाजूले पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मले राहवलं नाही. खिडकीजवळ वाकून मी विचारलं, "याडी, अन् तिनं माफ नाही केलं तं?"

"नाही केलं तं वरडन माह्यावर," याडी म्हणे. "चार वर्षं होत आली शीला, माह्या कानाशी कोणी वरडलं नाही."

गाडीची काच कशी लावतात ते तिले माहीत नोहतं. राजदीपनं लावली, अन् ते गेले.