बंदरावरचा बाक आणि दोन खुंट्या

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याला कारण मी योजलेला एक बाक. इतकी वर्षं मी सगळा दोष सुताराला देत आलो. आता थकलो. खरं सांगून मोकळा होतो.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी रत्नागिरीत चित्रकला शिकवायचो. मुंबईच्या बोटीची वाट पाहणाऱ्यांसाठी नगरपालिकेला बंदरावर बाक हवे होते. पण पावसाळ्यात बोट बंद. मग चार महिने बाक काय भिजत ठेवायचे? मी तोडगा काढला. पाठीची फळी दोन खुंट्यांवर उभी. खुंट्या उपटून जरा रेटली की ती मागे आडवी होऊन ऐसपैस चौथरा तयार. उन्हाळ्यात बंदरावर बसा, पावसाळ्यात गावात नेऊन त्यावर कीर्तन करा. (कागदावर त्याचा पाळणाही होत होता. तो मी कुणाला दाखवला नाही.)

नमुन्याचा बाक इब्राहिमचाचांनी केला. त्यांचा धंदा होड्या बांधायचा.

"खुंटी केवढी करू, मास्तर?"

"तुम्हाला बरी वाटेल तेवढी."

चाचांना जन्मभर एकच माप बरं वाटत आलं होतं: होडीच्या काठावर वल्हं अडकवायच्या खुंटीचं. त्यामुळे बंदरावर ज्याची खुंटी मोडे, तो सरळ बाकाकडे येई. चोरी म्हणून नव्हे. काम झालं की बहुतेक जण आणूनही ठेवत. मी रोज सकाळी जाऊन खुंट्या गोळा करी, परत ठोकी, आणि नगरपालिकेला 'बाक उत्तम चालला आहे' असं लिहून देई.

अशात माझ्या बहिणीला, कुसुमला, पाहायला मुलाचे वडील, नानासाहेब, बोटीने येणार असं ठरलं. आधी दोन स्थळं फिसकटली होती. या मुलाचा फोटो मात्र कुसुमने वहीत जपून ठेवला होता. मी आणि आमचे वडील, अण्णा, त्यांना आणायला निघालो तशी ती दारात आली.

"दादा, त्यांना थेट घरी आण. बाक दाखवू नकोस."

"छे. मी कशाला दाखवीन?" मी चपला शोधत म्हणालो. त्या पायातच होत्या.

मोठी बोट खोल पाण्यात थांबे. नानासाहेब हसनच्या होडीतून किनाऱ्याला आले, ते धोतर भिजलेले आणि चेहरा उतरलेला असे.

"जरा टेकावं म्हणतो."

"टेका ना. हा बाक मीच—"

ते बसले. "वा, पाठसुद्धा आहे," म्हणाले आणि रेलले. पाठ गेली. पाठोपाठ नानासाहेबही गेले. पाय आभाळाकडे, आणि टोपी मागे बसलेल्या बाईच्या मासळीच्या पाटीत.

"अवो, बांगडं जरा बाजूला तरी करू द्यायचं," बाई म्हणाली.

"हे काय रे?" अण्णांनी विचारलं.

"कीर्तनाची रचना, अण्णा."

"खुंटी वगैरे काही नसते का याला?" नानासाहेबांनी आडव्यानेच विचारलं.

होडीतून हसनने वल्हं उचलून दाखवलं. "दोन्ही माझ्याकडं हायत, मास्तर. पावण्यांना त्याच्यावरच तर आणलं."

घरी नानासाहेबांनी खुर्चीला हात लावून पाहिला आणि पोहे उभ्यानेच खाल्ले. ते बसेनात म्हणून अण्णा उभे, अण्णा उभे म्हणून आम्ही सगळे उभे. कुसुमने चहाचा ट्रे पुढे केला तेव्हा खोली बसची वाट पाहत असल्यासारखी दिसत होती.

आठ दिवस पत्र नाही. नवव्या दिवशी मुलाचा फोटो कुसुमने वहीतून काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग पत्र आलं. 'मुलगी पसंत आहे. कार्यात आमच्या मंडळींना खाली जाजम घालावे. बाक एकच असावा. त्यावर वधूच्या बंधूंनी बसावे.'

बसलो. बाक बंदरावरून आणला होता, पण खुंट्या नव्हत्या, कारण वऱ्हाडही बोटीतून होडीनेच किनाऱ्याला आलं होतं. अक्षता संपेपर्यंत मी दोन्ही हात मागे नेऊन बाकाची पाठ धरून ठेवली. लग्नाच्या फोटोत मी तसाच आहे.

कुसुमच्या सासरी नवं कुणी आलं, की तो फोटो पाहून हमखास विचारतं, "यांना पोलिसांनी धरलंय का हो?"

"नाही," कुसुम म्हणते, "तो आमचा दादा. स्वतःच्या बाकावर बसलाय."